बॅलटवर जजची नावं आली की त्यांची कुंडली कशी काढायची

अमेरिकेची सिटिझनशिप झाली, पहिलं बॅलट हातात आलं, वरती प्रेसिडेंट, सेनेटर, गव्हर्नर अशी ओळखीची मंडळी, तिथपर्यंत सगळं झकास चालतं. मग पान उलटलं की जजच्या नावांची रांग लागते. कुठे नावापुढे पार्टी लिहिलेली, कुठे काहीच नाही, कुठे नुसतं एकच नाव आणि त्याखाली यस किंवा नो. यातलं एकही नाव आयुष्यात ऐकलेलं नसतं, मग बहुतेक लोक एकतर तो भाग कोरा सोडतात नाहीतर कानाला बरं वाटेल त्या नावाला मत देऊन मोकळे होतात. आणि हे फक्त नव्याने सिटिझन झालेल्यांचं नाही हं, इथेच जन्मलेले-वाढलेले लोकपण अगदी हेच करतात.

खरं तर एक संध्याकाळ बसलात तर या सगळ्या नावांची कुंडली निघते, फक्त कुठे बघायचं आणि काय सोडून द्यायचं ते माहीत पाहिजे. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको: जाहिरातीत गाजवलेला एखादा निकाल बघून जज निवडू नका. करिअर बघा. काळा झगा घालायच्या आधी हा माणूस काय करत होता, खुर्चीवर पहिल्यांदा कुणी बसवलं, आणि कोर्टात समोर उभ्या असलेल्या साध्या माणसाशी कसा वागतो, या तीन गोष्टी कळल्या की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

एवढी मेहनत कशाला असं वाटत असेल तर एवढंच लक्षात घ्या की घटस्फोट, मुलांची कस्टडी, घरमालकाशी भांडण, मृत्युपत्र, ट्रॅफिक तिकीट, ॲक्सिडेंटची नुकसानभरपाई, आणि बहुतेक सगळे फौजदारी खटले, हे सगळं स्टेट कोर्टात चालतं. टीव्हीवर ज्यांची चर्चा असते ते फेडरल जज वेगळे, त्यांना प्रेसिडेंट नेमतो, सेनेट मंजुरी देतं आणि मग ते तहहयात, तिथे आपल्याला कुणी विचारत नाही. आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर ती बहुधा स्टेट कोर्टाची असणार, आणि तिथला जज बऱ्याच राज्यांत आपल्याच मतावर बसतो.

अजून एक, ग्रीन कार्ड असेल किंवा एच वन बी वर असाल तर हे फक्त माहितीसाठी वाचा. डीएमव्हीत (गाडीचं लायसन्स देणाऱ्या ऑफिसात) फॉर्म भरताना चुकून मतदार नोंदणीच्या चौकटीवर टिक करू नका, पुढे इमिग्रेशनला फार महागात पडतं.

पहिलं काम, निवडणुकीचा प्रकार ओळखा

आपल्याकडे भारतात जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टाच्या जजची परीक्षा द्या, पास व्हा, ज्युनिअर डिव्हिजनला लागा असा सरळ रस्ता असतो. इथे जजची अशी परीक्षाच नाही. लॉ स्कूलची तीन वर्षं, बार एक्झाम (वकिलीच्या लायसन्सची परीक्षा), मग काही वर्षं वकिली, आणि त्यानंतर एकतर कुणीतरी नेमतं नाहीतर निवडणूक लढवावी लागते. कुठल्या राज्यात काय हे प्रत्येक राज्याने आपापल्या मनाने ठरवलंय, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मित्राने सांगितलेलं टेक्सासमध्ये काडीचं उपयोगी पडत नाही. न्यू जर्सीत तर जजची निवडणूकच नाही, गव्हर्नर सात वर्षांसाठी नेमतो आणि पुन्हा नेमलं की थेट सत्तरीपर्यंत. मॅसॅच्युसेट्समध्येपण नेमणूक सत्तरीपर्यंत. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलायनात विधिमंडळ जज निवडतं. तिथे राहत असाल तर या लेखातला निम्मा भाग तुम्हाला लागणारच नाही, नशीबवान आहात की कमनशिबी ते तुम्ही ठरवा.

बाकी राज्यांत ढोबळमानाने तीन प्रकार. एक, पार्टीच्या नावावर लढवायची, टेक्सास, अलाबामा, नॉर्थ कॅरोलायना वगैरे. दोन, नावापुढे पार्टी नाही, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, वॉशिंग्टन, जॉर्जिया. तीन, रिटेन्शन, म्हणजे समोर कुणी प्रतिस्पर्धीच नाही, या जजला ठेवायचं का काढायचं एवढंच विचारतात. आधी नेमणूक आणि मग रिटेन्शन ही पद्धत १९४० मध्ये मिझुरीत सुरू झाली, तिथे एक कमिटी तीन नावं गव्हर्नरला देते, तो एक नेमतो, आणि निदान वर्षभर काम झाल्यावर येणाऱ्या निवडणुकीत लोकांना यस-नो विचारतात. म्हणून तिला मिझुरी प्लॅन म्हणतात, ॲरिझोना, कोलोरॅडो, आयोवा, युटा, अलास्का अशी बरीच राज्यं हीच पद्धत थोड्याफार फरकाने वापरतात.

काही राज्यांत खिचडी आहे. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा पार्टीच्या नावावर लढायचं आणि जिंकलात की दहा वर्षांनी फक्त यस-नो. इलिनॉयमध्येपण पहिल्यांदा पार्टी, नंतर रिटेन्शन, पण तिथे टिकायला ६० टक्के यस लागतात, न्यू मेक्सिकोत ५७. मिशिगनची गंमत तर अशी की सुप्रीम कोर्टाचे उमेदवार पार्ट्या स्वतःच्या कन्व्हेन्शनमध्ये ठरवतात आणि बॅलटवर मात्र पार्टीचं नाव छापत नाहीत, म्हणजे ज्याला माहीत त्याला माहीत.

तारीखपण नीट बघून ठेवा, कारण सगळं नोव्हेंबरातच होतं असं नाही. विस्कॉन्सिनमध्ये जजची निवडणूक एप्रिलमध्ये, जॉर्जियात मेमध्ये प्रायमरीबरोबर (म्हणजे मुख्य निवडणुकीआधीच्या फेरीबरोबर), पेनसिल्व्हेनियात विषम वर्षांत. कॅलिफोर्नियात सुपीरिअर कोर्टासाठी (तिथलं खालचं कोर्ट) प्रायमरीतच कुणाला निम्म्याहून जास्त मतं पडली की विषय संपला, नोव्हेंबरात ते नाव दिसतसुद्धा नाही. प्रायमरीला आपण जात नाही, आणि मग म्हणतो जजच्या निवडणुकीत निवडायला काही नव्हतंच.

कोर्टाच्या नावावर जाऊ नका

हे पटकन उरकतो. खालचं कोर्ट म्हणजे ट्रायल कोर्ट, जिथे साक्षीदार, ज्युरी, उलटतपासणी हे सगळं होतं. त्याच्यावर अपील कोर्ट, त्याच्यावर राज्याचं सर्वोच्च कोर्ट. पण नावं फसवी आहेत. न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्ट हे ट्रायल कोर्ट आहे, सर्वात वरचं ते कोर्ट ऑफ अपील्स, आणि गंमत म्हणजे त्या सुप्रीम कोर्टाचे जज निवडून येतात, चौदा वर्षांसाठी, तर वरच्या कोर्टाचे गव्हर्नर नेमतो. मेरीलँडमध्येपण वरच्या कोर्टाला कोर्ट ऑफ अपील्सच म्हणायचे, २०२२ च्या शेवटी लोकांना विचारून सुप्रीम कोर्ट केलं. टेक्सासमध्ये तर दोन सर्वोच्च कोर्टं, दिवाणीला सुप्रीम कोर्ट, फौजदारीला कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स, दोन्हीकडे नऊ-नऊ जज, सगळे सहा वर्षांसाठी निवडून आलेले.

याचा उपयोग काय तर, ट्रायल कोर्टाच्या जजमध्ये स्वभाव, वक्तशीरपणा, संयम, खटले चालवायचा अनुभव बघायचा, आणि सर्वोच्च कोर्टाच्या जजमध्ये कायद्याचा अर्थ कसा लावतो ते बघायचं. फॅमिली कोर्टाच्या उमेदवाराला गर्भपाताबद्दल मत विचारून काही हाती लागत नाही, तिथे तो प्रश्न त्याच्यासमोर सहसा येत नाही.

खुर्चीवर कुणी बसवलं

आता मुख्य भाग. जजच्या करिअरमधली पहिली खरी माहिती म्हणजे तो पहिल्यांदा निवडून आला का नेमला गेला. निवडणुकीच्या राज्यांतसुद्धा भरपूर जज मुळात गव्हर्नरने नेमलेले असतात, कारण आधीचा जज टर्म संपायच्या आत रिटायर होतो, जागा रिकामी होते, गव्हर्नर भरतो, आणि मग हा नवा जज पुढच्या निवडणुकीत इन्कम्बंट, म्हणजे आधीच खुर्चीवर असलेला उमेदवार म्हणून उतरतो. मिनेसोटात तर बॅलटवर जजच्या नावाशेजारी इन्कम्बंट असा शब्दच छापतात, त्याचा फायदा वेगळा सांगायला नको. कॅलिफोर्नियात सुपीरिअर कोर्टाच्या जजसमोर कुणी उभं राहिलं नाही तर त्याचं नाव बॅलटवर येतच नाही, आणि बहुतेक जणांसमोर कुणी उभं राहत नाही.

हे रिटायर होणं नेहमी तब्येतीमुळे असतं असंही समजू नका. जॉर्जियात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका जस्टिसने टर्म संपायच्या काही आठवडे आधीची तारीख टाकून राजीनामा दिला, तेवढ्यावर मेमध्ये ठरलेली निवडणूक रद्द झाली आणि जागा भरायचा अधिकार गव्हर्नरकडे गेला. उभं राहू पाहणाऱ्यांनी कोर्टात धाव घेतली, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सगळं नियमात बसणारं होतं, म्हणूनच माहीत असलेलं बरं.

म्हणून बॅलटवर पार्टी लिहिलेली नसेल तर कुठल्या गव्हर्नरने कुठल्या वर्षी नेमलं ते शोधा, त्यावरून बराच अंदाज येतो. बराच, पूर्ण नाही. कारण नेमणुकीत पार्टीइतकाच ओळखीपाळखीचा भाग असतो आणि चांगले गव्हर्नर दुसऱ्या पार्टीचे चांगले वकीलही नेमतात. सँड्रा डे ओकॉनर यांचंच बघा. स्टॅनफर्डमधून १९५२ मध्ये लॉ करून बाहेर पडल्या तर लॉ फर्ममध्ये बाई म्हणून नोकरी मिळेना, मग काउंटीच्या सरकारी वकिलाच्या ऑफिसात काम, पुढे ॲरिझोनात असिस्टंट ॲटर्नी जनरल, मग रिपब्लिकन म्हणून राज्याच्या सेनेटमध्ये मेजॉरिटी लीडर, १९७४ मध्ये मॅरिकोपा काउंटीच्या सुपीरिअर कोर्टावर निवडून आल्या, १९७९ मध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी अपील कोर्टावर नेमलं आणि १९८१ मध्ये रेगन यांनी थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात. मतं मागून जज झालेल्या या बाई रिटायर झाल्यावर मात्र जजच्या निवडणुका बंद करा म्हणून देशभर भाषणं देत फिरल्या.

झग्याच्या आधीचं करिअर बघताना लोक एक सरधोपट हिशोब करतात, प्रॉसिक्यूटर (सरकारी वकील) होता म्हणजे कडक, पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींना सरकारी खर्चाने मिळणारा वकील) होता म्हणजे मवाळ. थोडं तथ्य असेल पण मी यावर फार विसंबत नाही. त्यापेक्षा विचारा की यांनी खरंच किती खटले चालवले, फक्त एकाच बाजूने का दोन्ही बाजूंनी, फौजदारीतच सगळी वर्षं गेली आणि आता बसणार फॅमिली कोर्टात असं तर नाही ना, आणि मधे कमिशनर किंवा मॅजिस्ट्रेट म्हणून काम केलंय का. कमिशनरचं काम म्हणजे जवळजवळ जजसारखंच, लहान केसेस ऐकायच्या, त्यामुळे तिथे चार-पाच वर्षं काढलेला माणूस पहिल्या दिवसापासून तयार असतो. कॅलिफोर्नियात सुपीरिअर कोर्टासाठी दहा वर्षं बारचं मेंबर, म्हणजे लायसन्स असलेला वकील असणं पुरतं, पण दहा वर्षं मेंबर असणं आणि दहा वर्षं कोर्टात उभं राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अगदी वेगळी करिअरंही असतात, ॲलन पेज यांची आठवते. मिनेसोटा वायकिंग्जचा नावाजलेला फुटबॉल खेळाडू, खेळता खेळता लॉ केलं, ॲटर्नी जनरलच्या ऑफिसात काम केलं आणि १९९२ मध्ये मिनेसोटा सुप्रीम कोर्टावर निवडून आले, त्या कोर्टाचे पहिले ब्लॅक जस्टिस, आणि मग प्रत्येक निवडणूक जिंकत २०१५ पर्यंत, तिथल्या नियमाप्रमाणे सत्तरी झाली म्हणून उतरले. वयाचा नियमही बघत जा बरं का. पेनसिल्व्हेनियात पंच्याहत्तरीची मर्यादा आहे. २०२५ मध्ये तिथे सुप्रीम कोर्टाचे तिघे जस्टिस दहा वर्षांसाठी रिटेन झाले, पण त्यातल्या क्रिस्टीन डोनोह्यू यांना २०२७ मध्येच वयामुळे थांबावं लागणार. म्हणजे मत दहा वर्षांचं, मुक्काम दोनचा.

वकिलांनी दिलेले मार्क

हा भाग सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा. बऱ्याच ठिकाणी बार असोसिएशन, म्हणजे वकिलांची संघटना, उमेदवारांची चौकशी करते, त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या वकिलांना विचारते आणि रेटिंग देते. लॉस एंजेलिस काउंटीची बार एक्सेप्शनली वेल क्वालिफाइड पासून नॉट क्वालिफाइड पर्यंत शेरे देते. आणि लोक ते वाचत नाहीत याचा नमुना २००६ चा आहे. झिंट्रा यानाव्स नावाच्या वीस वर्षं अनुभवी जज, बारचा सर्वात वरचा शेरा, आणि त्यांच्यासमोर लिन ओल्सन, ज्या बेगलचं दुकान चालवायच्या, वकिलीचं लायसन्स होतं पण बारचा शेरा नॉट क्वालिफाइड. ओल्सन जिंकल्या. बऱ्याच लोकांनी म्हटलं की यानाव्स हे नाव परकं वाटतं म्हणून. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी लगेच यानाव्सबाईंना पुन्हा नेमलं तो भाग वेगळा. आपली नावं इथे कशी वाचली जातात ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे, तेव्हा निदान आपण तरी नावावरून मत देऊ नये असं मला वाटतं.

रेटिंग वाचताना एक बघा, ते इव्हॅल्युएशन आहे का नुसता प्रेफरन्स पोल. पोलमध्ये वकील आपल्याला कोण आवडतं ते सांगतात, म्हणजे ती सरळ सरळ लोकप्रियता, पार्टीचा वास त्यालाही लागतो. इव्हॅल्युएशनमध्ये वेळेवर येतो का, कायदा माहीत आहे का, सगळ्यांशी सारखं वागतो का असे वेगवेगळे प्रश्न असतात. ह्यूस्टनची बार दोन्ही करते, एकाला दुसरं समजू नका.

रिटेन्शनच्या राज्यांत तर सरकारी कमिशनच हे काम करतं. युटामध्ये वकील, कोर्टाचे कर्मचारी, ज्युरीत बसून गेलेले लोक यांना विचारतात आणि साधे नागरिक ट्रेनिंग घेऊन कोर्टात बसून जजचं वागणं टिपून ठेवतात. कोलोरॅडो, ॲरिझोना, अलास्का इथेही रिपोर्ट येतात, मतदारांच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, पुस्तिका घरी येते आणि आपण जंक मेल म्हणून टाकून देतो. या रिपोर्टमध्ये बहुतेक सगळे पास असतात, त्यामुळे पास आहे यावर थांबू नका, कुणाला इतरांपेक्षा कमी मार्क पडलेत आणि कशात, ते बघा. कायद्याच्या ज्ञानात थोडे कमी असतील तर मी एकवेळ चालवून घेईन, पण वागणुकीत कमी असतील तर नाही, कारण वकील नसलेला माणूस घाबरून समोर उभा असतो तेव्हा तेच लागतं.

यासोबत राज्याच्या ज्युडिशियल कंडक्ट कमिशनच्या (जजविरुद्धच्या तक्रारी तपासणारं मंडळ) साइटवर नाव टाकून बघा. प्रत्येक राज्यात असं काहीतरी असतं, पहिलं कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये काढलं. जाहीर ठपका असेल तर तिथे आदेश वाचायला मिळतो. नुसत्या तक्रारीला महत्त्व देऊ नका, हरलेला प्रत्येक जण जजवर चिडलेलाच असतो.

जाहिराती आणि एका निकालाचं भूत

जजला निवडणुकीत काय बोलता येतं हे माहीत असलं की जाहिरात बघायची नजर बदलते. अमुक केसमध्ये मी तमुक निकाल देईन असं वचन द्यायला कोड ऑफ कंडक्टमध्ये मनाई आहे. पूर्वी वादग्रस्त मुद्द्यांवर मत सांगायलाही काही राज्यांत बंदी होती, ती २००२ मध्ये मिनेसोटाच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५-४ ने काढली. म्हणून आता उमेदवार मूल्यांच्या भाषेत बोलतात, आणि ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजतं. कडक आहे, कुटुंबाच्या बाजूचा आहे, असली वाक्यं मी तरी सोडून देतो.

खरी अडचण विरोधातल्या जाहिरातींची. एक केस उचलायची, गुन्हेगाराचा फोटो, खाली जजचं नाव. त्या केसमध्ये कायदा काय होता, ज्युरीने काय ठरवलं, प्रोबेशन ऑफिसरने काय सुचवलं, यातलं काही तीस सेकंदांत बसत नाही. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये चीफ जस्टिस रोझ बर्ड आणि आणखी दोन जस्टिस फाशीच्या मुद्द्यावर रिटेन्शन हरले. बर्ड यांनी त्यांच्यासमोर आलेल्या फाशीच्या प्रत्येक केसमध्ये ती रद्द करायच्या बाजूने मत दिलं होतं, तेव्हा इथे निदान वर्षानुवर्षांचं रेकॉर्ड होतं, लोकांनी त्यावर मत दिलं, तुम्हाला पटो न पटो. आयोवात २०१० मध्ये मात्र तिघे जस्टिस एका निकालामुळे गेले, २००९ चा समलिंगी विवाहाचा निकाल, जो सातही जणांनी एकमताने दिला होता. त्या वर्षी बॅलटवर तिघांची नावं होती म्हणून तिघे गेले, आणि २०१२ मध्ये त्याच निकालातले एक जस्टिस बॅलटवर आले तर ते टिकले. निकाल तोच, वर्ष वेगळं.

पेनसिल्व्हेनियात २००५ ला तर निकालाचाही संबंध नव्हता, विधिमंडळाने रात्री उशिरा आमदार आणि जजचे पगार वाढवून घेतले, लोक भडकले, आमदारांची निवडणूक त्या वर्षी नव्हती, समोर सापडले रिटेन्शनला आलेले जस्टिस रसेल नायग्रो. हरले बिचारे.

ॲरन पर्स्की यांची केस या सगळ्यात अवघड. सांता क्लारा काउंटीचे जज, २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात सहा महिन्यांची शिक्षा दिली, देशभर संताप झाला. कंडक्ट कमिशनने चौकशी करून गैरवर्तन नाही म्हटलं, तरी जून २०१८ मध्ये मतदारांनी रिकॉल करून, म्हणजे टर्म संपायच्या आतच मतदान घेऊन काढलं, कॅलिफोर्नियात १९३२ नंतर पहिल्यांदाच कुणा जजचा रिकॉल झाला. पर्स्की स्वतः आधी प्रॉसिक्यूटर होते, म्हणजे तो कडक-मवाळ हिशोब इथे किती उपयोगी पडला असता ते बघा. शिक्षा मलाही फार कमी वाटली, पण त्या जजच्या बाकी शेकडो निकालांबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं हेही तितकंच खरं.

पैसा कुठून येतो

सर्वोच्च कोर्टाच्या निवडणुकीत पैशाचा पूर येतो. विस्कॉन्सिनमध्ये एप्रिल २०२५ ला सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल यांच्या लढतीत दोन्हीकडून मिळून १० कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला, इलॉन मस्क स्वतः शिमेलसाठी उतरले, आणि तरी क्रॉफर्ड साधारण दहा टक्क्यांनी जिंकल्या. पैसा ओतला की जिंकतातच असं नाही, पण पैसा का ओतला जातो ते समजून घ्यायला वेस्ट व्हर्जिनियाची गोष्ट पुरते. एका कोळसा कंपनीविरुद्ध ज्युरीने ५ कोटी डॉलरचा निकाल दिला, अपील जाणार राज्याच्या सुप्रीम कोर्टात, आणि २००४ मध्ये कंपनीच्या प्रमुखाने, डॉन ब्लँकनशिप त्यांचं नाव, ३० लाख डॉलर एका उमेदवाराच्या बाजूने घातले. उमेदवार ब्रेंट बेंजामिन जिंकले, केसमधून बाजूला व्हायला नाही म्हणाले, आणि कंपनीच्या बाजूने ३-२ निकाल लागला. शेवटी २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं की अशा वेळी जजने बाजूला व्हायलाच पाहिजे होतं.

तुमच्या काउंटीच्या निवडणुकीत एवढं काही नसतं. राज्याच्या कँपेन फायनान्स साइटवर नाव टाका, देणगीदारांत वकीलच जास्त दिसतील, ते नॉर्मल आहे, दुसऱ्या कुणाला पडलेली असते? एकाच फर्मचे किंवा एकाच धंद्यातले लोक भरभरून देताना दिसले तर मात्र थांबून बघा. आणि उमेदवाराने स्वतः फोन करून पैसे मागितले तर कान टवकारा, बऱ्याच राज्यांत जजच्या उमेदवाराला स्वतः देणगी मागायला बंदी आहे, कमिटीमार्फत मागावी लागते, आणि फ्लोरिडाची अशी बंदी २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैध ठरवली आहे.

एंडोर्समेंटही, म्हणजे संघटनांचे जाहीर पाठिंबे, तशाच वाचायच्या. पोलिस युनियन, मजूर संघटना, चेंबर ऑफ कॉमर्स, प्रत्येकाला काय हवंय ते उघड आहे. मला त्यातल्या त्यात भरवशाचं वाटतं ते म्हणजे एकाच उमेदवाराला प्रॉसिक्यूटर आणि डिफेन्स दोन्हीकडच्या वकिलांनी पाठिंबा देणं, किंवा त्याच कोर्टातल्या जजनी देणं. रोज बाजूच्या खोलीत बसणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं.

पार्टीवर शिक्का मारून मोकळं व्हावं का

टेक्सासच्या ह्यूस्टनमध्ये, म्हणजे हॅरिस काउंटीत, बॅलटवर इतके जज असतात की प्रत्येकाचं बघणं खरंच कठीण. २०१८ मध्ये तिथे ५९ च्या ५९ जागा डेमोक्रॅट्सनी जिंकल्या, त्याआधी २०१० ला लाट उलटी होती. दोन्ही वेळा काही चांगले, अनुभवी जज फक्त त्या वर्षी चुकीच्या पार्टीत होते म्हणून घरी गेले. तेव्हा एकदा शिक्का मारला की सगळ्या पार्टीला मत अशी सोय होती, २०२० पासून ती बंद झाली. सर्वोच्च कोर्टासाठी पार्टी बघून मत दिलं तर मी समजू शकतो, तिथे विचारसरणीचा फरक निकालात दिसतो. ट्रायल कोर्टासाठी मात्र निदान नॉट क्वालिफाइड शेरा मिळालेला कुणी आपल्या पार्टीत नाही ना एवढं तरी तपासा.

एका मताने काय होतंय म्हणणाऱ्यांसाठी नॉर्थ कॅरोलायना, २०२४. राज्याच्या सुप्रीम कोर्टाची जागा, ॲलिसन रिग्ज विरुद्ध जेफरसन ग्रिफिन, पंचावन्न लाखांच्या आसपास मतं, फरक ७३४ चा. ग्रिफिन यांनी ६५ हजारांहून जास्त मतांना आव्हान दिलं आणि शेवटी मे २०२५ मध्ये हार मानली.

आता वेळ कसा वाचवायचा ते. काउंटीच्या इलेक्शन साइटवरून सॅम्पल बॅलट काढा, ज्यांच्यासमोर कुणीच उभं नाही अशी नावं आधी खोडा, रिटेन्शनवाली वेगळी करा आणि त्यांचे कमिशन रिपोर्ट एका दमात वाचून घ्या. उरतात ती खऱ्या लढतीची नावं, बहुतेक ठिकाणी मोजकीच. त्यांच्यासाठी बारचं रेटिंग, नेमणूक की निवडणूक, आधीचं काम, कंडक्टचं रेकॉर्ड, आणि स्थानिक पेपरने उमेदवारांना प्रश्न विचारून छापलेली उत्तरं, एवढं पुरे. कुणी ओळखीचा वकील असेल तर त्याला कुणाला मत देऊ असं विचारू नका, तुमची स्वतःची केस असती तर यापैकी कुणासमोर उभं राहायला आवडलं नसतं असं विचारा, उत्तर लगेच येतं.

अजून हौस असेल तर कामाच्या दिवशी कोर्टात जाऊन मागे बसा, बहुतेक सुनावण्या सगळ्यांना खुल्या असतात, कुणी काही विचारत नाही, फोन तेवढा बंद ठेवा. आणि इतकं करूनही एखाद्या जागेबद्दल काहीच सापडलं नाही तर ती जागा सरळ कोरी सोडा, त्याने बाकीचं बॅलट बाद होत नाही.